गायके मामांच्या पत्र्यावरचं पाणी

ज्या शहरात पाऊस चार वर्षांतून एकदा धड पडतो, तिथं मी पस्तीस वर्षं पन्हळी बसवून आणि दुरुस्त करून पोट भरलं, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" आमच्या व्याह्यांनी तर मुलीच्या लग्नाच्या बैठकीतच हा प्रश्न टाकला होता. तेव्हा उत्तर द्यायला उत्साह होता. आता गुडघे गेले आहेत, उजवा हात कानाच्या वर जात नाही आणि शिडी दिसली की आधी कंटाळाच येतो. तरी या अंकाच्या संपादकबाईंनी लिहा म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही. त्यांच्या घराची पन्हळ मी दोनदा बदलली आहे आणि दोन्ही वेळा त्यांनी चहाबरोबर थालीपीठ दिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उतरत्या छपराच्या कडेला पत्र्याची उघडी नाली असते, ती पन्हळ. छपरावरचं पाणी तिच्यात पडतं, ती ते एका कोपऱ्याकडे नेते आणि तिथून पाइप ते खाली उतरवतो. एवढाच कारभार आहे. त्यात अवघड काय, असं लोकांना वाटतं. अवघड असतो तो उतार. दहा फुटांत अर्धा इंच. त्याहून कमी दिला तर पाणी साचतं, पत्रा सडतो. जास्त दिला तर पन्हळ वाकडी दिसते आणि मालकीणबाई खालून बोट दाखवून म्हणतात, "मिस्त्री, हे तिरकं का?" तिरकं आहे म्हणूनच पाणी जातं हे मी किमान हजार बायकांना समजावलं असेल. पटलं एकीलाही नाही.

मी शिंदे, मूळचा चितेगावचा. पैठण रोडवरच्या एका कारखान्यात पत्रा वाकवायच्या मशीनवर होतो. तो बंद पडला तेव्हा हातात दुसरी कला नव्हती. पण शहर वाढत होतं. जो तो स्लॅबवर पत्र्याचं शेड चढवत होता, कारण चैत्र-वैशाखात स्लॅब तापून खालच्या खोलीतला माणूस भाजून निघायचा. शेड आलं की त्याचं पाणी शेजाऱ्याच्या डोक्यावर पडणार, आणि पाणी पडलं की भांडण होणार. माझा धंदा खरं तर पावसावर कमी आणि शेजाऱ्यांवर जास्त चालला.

पन्हळीत काय काय सापडतं म्हणाल तर लिंबाचा पाला, कबुतराची अंडी, संक्रांतीचा मांजा, चेंडू, खारीनं लपवलेल्या शेंगा. गारखेड्यात एकदा दातांची कवळी निघाली. मालक म्हणाले, "आमची नाही हो." पण धुऊन खिशात टाकली.

दुष्काळाच्या वर्षांत कुणी हाक मारायचं नाही. गळायला आधी पडावं तर लागतं. मग मी कूलरच्या टाक्या बनवायचो. अधूनमधून एखादं पन्हळीचं काम निघालं तरी वेगळीच पंचाईत. काम झालं की वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून उतार तपासायची आमची रीत. पण जिथं टँकरच्या पाण्यानं पोरांच्या आंघोळी उरकत होत्या, तिथं तपासणीला बादली कोण देणार? एका बाईंनी तांब्या दिला आणि वर सांगितलं, खाली परात लावते, वाया घालवू नका. शेवटी मी खिशात काचेची गोटी ठेवायला लागलो. वरून सोडायची, कुठं अडखळते ते कानानं ऐकायचं. खालच्या टोकाला टक्‌ वाजली की काम पास.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसलो आहे.

पडेगावच्या बाजूला एका जुन्या प्लॉटिंगमध्ये दोन घरं शेजारी शेजारी होती. एक जोशी अण्णांचं. तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, अंगानं सडपातळ, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजून-मापून. त्यांचं घर बैठं. अंगणात स्वतः उभं राहून खणवून घेतलेला तीस फुटांचा आड. जोशी काकूंचा त्या आडावर जीव. गल्लीतल्या सगळ्या घरांचे नळ कोरडे असताना काकूंच्या लिंबाच्या झाडाला फळं असायची, ती त्या घरोघर वाटायच्या.

दुसरं घर गायके मामांचं. मामा बिडकीनकडचे शेतकरी. तिकडं कारखान्यांसाठी जमीन गेली, आलेल्या पैशांतून त्यांनी इथं दोन मजली घर बांधलं आणि गच्चीवर मोठं पत्र्याचं शेड टाकलं. शेती नाही, काम नाही, पोरं नोकरीला. मामा दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. शेडचा उतार जोशींच्या बाजूला होता आणि कडेला पन्हळ नव्हती. पाऊस आला की पंचेचाळीस फूट लांबीच्या पत्र्याचं पाणी थेट जोशींच्या अंगणात आणि भिंतीवर कोसळायचं.

अण्णांनी भिंतीच्या ओलीचे फोटो काढले, अर्ज केले. वॉर्ड ऑफिसला केले, चौकीला केले, एक वकिलाकडूनही पाठवला. तोंडानं मात्र कधी एक शब्द बोलले नाहीत. मामाही बोलले नाहीत. मधे हातभर रुंदीची कंपाउंडची भिंत, आणि तब्बल अकरा वर्षं दोघांची बोलचाल बंद. बायका दूध-विरजणाची देवघेव करायच्या, तीही पुरुष घरात नसताना.

शेवटी मामांनी मला बोलावलं. ओट्यावर बसूनच म्हणाले, "शिंदे, त्याच्याकडं एक थेंब जाता कामा नये. लई कागद झाले. मला आता कागद बघवत नाय."

मी ते काम जीव लावून केलं. जाड जस्ताचा पत्रा, प्रत्येक जोडाला दुहेरी रिव्हेट, दीड फुटावर ब्रॅकेट. उतार असा की गोटी एका दमात रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं गच्चीच्या कठड्याशी एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, बसवला आणि पाइप पुढच्या भिंतीवरून सरळ रस्त्याच्या नालीत सोडला. त्या वर्षी चांगला पाऊस झाला. अण्णा छत्री घेऊन आपल्या अंगणात उभे राहिले, हात पसरून बघत होते थेंब येतो का. एकही आला नाही. मी वर गच्चीवर होतो, मला त्यांनी खालूनच मान हलवून पसंती दिली. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली पन्हळ. आजही तसं म्हणतो, आणि म्हणताना जिभेला कडू लागतं.

त्यानंतरची दोन वर्षं कोरडी गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात अण्णांचा निरोप आला. घरी गेलो तर काकूंच्या हाताला प्लास्टर. टँकरच्या ड्रममधून कळशी उचलताना पाय घसरला होता. आड आटला होता. खणल्यापासून पहिल्यांदाच.

"मुलगा पुण्याला या म्हणतो," काकू म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत घरात पाणी नसेल तर घर बंद, असं सांगितलंय त्यानं. त्याचंही चुकत नाही हो. पण मला तिथं दहाव्या मजल्यावर काय करायचंय? इथं माझी झाडं आहेत, माणसं आहेत. अण्णांना तर दोन दिवसांत वेड लागेल."

अण्णांनी विचारलं, "आमच्या छपराचं पाणी आडाकडे वळवता येईल का? तुमचं तज्ज्ञ मत हवं."

त्यांचं छप्पर लहान. तरी आधी आड बघावा म्हणून काकूंकडून आरसा मागून घेतला. उन्हात आरसा धरून कवडसा आत सोडला की आडाचा तळ दिसतो, ही आमच्या गावाकडची पद्धत. कवडसा हळूहळू आतल्या भिंतीवरून फिरवला. तीन बाजू कोरड्या, स्वच्छ दगडी. चौथ्या बाजूला मात्र वरपासून खालपर्यंत पांढुरका ओघळ, जागोजाग वाळलेले नेचे आणि शेवाळाचे पापुद्रे. त्या आडाचा पाझर त्या बाजूनं होता. मी कवडसा काढला आणि मान वर करून बघितलं. ती बाजू गायके मामांच्या भिंतीची होती.

मी आरसा कट्ट्यावर ठेवला. अकरा वर्षं मामांच्या पत्र्यावरचं पाणी त्या कोपऱ्यात कोसळत होतं, मुरमातून झिरपून आडात उतरत होतं. अण्णांची भिंत ओली आणि आड भरलेला, दोन्ही एकाच पाण्यामुळं. आणि ते पाणी मी दुहेरी रिव्हेट मारून, एक थेंब न सांडता, रस्त्याच्या नालीत नेऊन टाकलं होतं. काम घेताना अंगणात आड आहे हे मला दिसत होतं. पाणी कुठून काढायचं एवढंच मी बघितलं, ते कुठं जात होतं हे बघितलंच नाही. माझ्यासारख्यानं, ज्याचा धंदाच पाण्याची वाट शोधायचा, त्यानं ही चूक करायला नको होती.

सांगावं की नाही असा क्षणभर विचार केला. मग सांगून टाकलं. अण्णा आडाच्या कट्ट्यावर बसले. 

"म्हणजे ज्याच्याविरुद्ध मी सतरा अर्ज केले..."

"तुम्हाला माहीत नव्हतं, अण्णा. मला कळायला हवं होतं."

"आता उपाय?"

"अर्ध्या तासाचं काम आहे. दोन क्लॅम्प सोडायचे, एल्बो तुमच्याकडे फिरवायचा, खाली पाणी मुरवायला शोषखड्डा घ्यायचा. पण पत्रा त्यांचा आहे. त्यांनी हो म्हटलं पाहिजे."

अण्णांनी त्याच आठवड्यात खड्डा खणून घेतला. आत विटांचे तुकडे, वर खडी, वर वाळू, मी सांगितलं तसं. मी मामांकडे गेलो. सगळं ऐकल्यावर मामा मोठ्यांदा हसले.

"पाणी घेऊ दे की. मी काय ते उराला बांधून नेणार हाय? पण त्यानं इथं यावं अन् तोंडानं म्हणावं, गायके, पाणी सोडा. एवढंच. तेरा वर्षं त्याचा आवाज नाय ऐकला मी. नुसते कागद."

मला वाटलं, झालं काम. पलीकडे जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला. "तोंडी?" ते म्हणाले. "तोंडी विनंतीला काही अर्थ नसतो, शिंदे. मी रीतसर लेखी देतो."

हसू नका. चाळीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक गोष्ट कागदावर मागितली आणि कागदावर दिली, त्याला दुसरी रीतच येत नव्हती. मला वाटतं, बायकोलाही त्यांनी चहा सोडून दुसरं काही तोंडानं मागितलं नसेल. शरमेनं मान खाली गेलेली असताना तर त्यांना कागदाचाच आधार होता. अर्ज लिहायला त्यांना तीन आठवडे लागले. आधी 'कळविण्यात येते' लिहिलं, ते उद्धट वाटलं. मग 'नम्र विनंती' लिहिलं, ते लाचार वाटलं. मधेच आधीच्या सतरा अर्जांचा संदर्भ द्यावा की नाही यावर अडले. मी जाऊन विचारलं की म्हणायचे, "मसुदा तयार आहे, फक्त शेवटचा हात फिरवायचा आहे."

जून संपला. नुसती भुरभुर, रस्त्यावरची धूळ बसेल एवढी. शेवटी अर्ज माझ्या हातात आला. चार घड्या घातलेला, वर विषय लिहिलेला: आपल्या छपरावरील पाणी पूर्ववत माझ्या अंगणात सोडणेबाबत.

मी तो मामांपुढे धरला. मामांनी हात मागे घेतला.

"कागद हाय?"

"अण्णांनी मागणी केलीय, मामा. तुम्ही म्हणत होता तशीच. नुसती लिहून."

"नको. नेऊन दे परत." त्यांचा आवाज एकदम बदलला. "शिंदे, बिडकीनला पहिला कागद आला तवा मी पोराला वाचाय लावला. दुसरा आला, तिसरा आला. दर कागदाला रानाचा एक तुकडा गेला. पैसे दिले, नाय असं नाय. पण कागद आला की माझं कायतरी जातंच. ह्या हातात मी आता कागद धरत नसतो. त्याला म्हणावं, चार पावलं चालून ये. भाकरी खा माझ्याकडं."

मी पलीकडे गेलो. अण्णा म्हणाले, "स्वीकारला नाही? मग नकाराचा शेरा तरी मारून द्यायला सांगा." मी पुन्हा अलीकडे आलो. मामा म्हणाले, "त्याला शेराच हवा असंल तर माझ्या ओट्यावर येऊन घेऊन जा म्हणावं." मी पुन्हा पलीकडे. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला कागद सोसत नव्हता, आणि दोघांच्या मधली भिंत माझ्या कमरेएवढी होती. काकू माझ्याकडे बघायच्या. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण कळशी उचलत नव्हती. त्या एकदा एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच वर जाऊन फिरवून टाका ना." मी म्हटलं, मालकाच्या हुकमाशिवाय मी कुणाच्या छपराला हात लावत नाही, तो आमच्या धंद्याचा नियम आहे. नियम खरा होता. पण त्या वेळी तो पाळायची काही गरज नव्हती. मामांनी मला हटकलंही नसतं, हे मला तेव्हाही आत कुठंतरी माहीत होतं. तरी मी दोघांच्या होकाराची वाट बघत बसलो. आजवर ज्या ज्या कामांचा पस्तावा झाला, त्यात हे न केलेलं काम सगळ्यात वर आहे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी तो अर्ज परत द्यायला अण्णांकडे आलो होतो. चहा कपात ओतला आणि आभाळ अंधारून आलं. वारा नाही, काही नाही, सरळ पाऊस सुरू झाला. मोठा. दोन वर्षांत पाहिला नव्हता असा. आम्ही तिघं ओसरीत आलो. गायके मामांच्या पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा आवाज होता. माझ्या पन्हळीनं ते सगळं पाणी गोळा केलं, एका दमात कोपऱ्यावर नेलं आणि पाइपातून रस्त्याच्या नालीत ओतलं. नाली भरून पाणी रस्त्यावर आलं, रस्त्यावरून उताराला लागलं आणि गेलं. अण्णांचा शोषखड्डा दहा फुटांवर. त्यात फक्त त्यांच्या लहानशा छपराची धार पडत होती.

अण्णा अनवाणी फाटकापर्यंत गेले आणि ते वाहून जाणारं पाणी बघत उभे राहिले. छत्री घेतली नव्हती. काकू रडत होत्या. मी माझी पन्हळ बघत होतो. कुठंही गळत नव्हती.

तेवढ्यात गच्चीवर हालचाल दिसली. गायके मामा. कमरेला धोतर, अंगात बंडी, डोक्यावर काही नाही. कठड्यावर पोट टेकून ते बाहेर वाकले होते आणि दोन्ही हातांनी एल्बो ओढत होते.

"निघंना!" ते ओरडले. "शिंद्या, लेका, इतकं घट्ट कशाला बसवलंस रे!"

त्यांचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला होता. मी धावायला निघालो, पण माझ्याआधी अण्णांचा आवाज आला. पातळ, चिरका, सवय नसलेला आवाज.

"गायके! अहो गायके, मागे व्हा! घसराल! राहू द्या ते पाणी!"

मामांनी ओल्या डोळ्यांवरून हात फिरवून खाली बघितलं. "काय म्हणालात?"

"मागे व्हा म्हणतो! आलो मी!"

माझ्या पिशवीत त्या दिवशी एकही अवजार नव्हतं. अर्ज द्यायला कोण पकड घेऊन येतं? काकूंनी चुलीजवळची सांडशी आणून दिली. ती घेऊन अण्णा पळत फाटकाबाहेर पडले, शेजारच्या फाटकातून आत शिरले आणि मामांच्या जिन्यानं वर चढले. त्या घरात ते पहिल्यांदाच जात होते. मी त्यांच्या मागे. वर गेल्यावर अण्णांनी मामांची कंबर दोन्ही हातांनी धरून ठेवली, मामांनी पाइप धरला आणि मी सांडशीनं माझेच क्लॅम्प पिळायला लागलो. दोन म्हातारे आणि एक साठीला टेकलेला, तिघंही चिंब. एक क्लॅम्प निघाला. दुसरा निघेना. मामा मला शिव्या घालत होते आणि अण्णा मागून म्हणत होते, "घाई नको, घाई नको," जणू दिवसभर वेळ होता.

दुसरा क्लॅम्प तुटला, एल्बो हातात आला. पाणी मोकळं होऊन जोशींच्या अंगणात कोसळलं, शोषखड्ड्याच्या वाळूवर. खाली काकूंनी दोन्ही हात जोडले.

तो पाऊस त्यानंतर जेमतेम दहा मिनिटं पडला. मग ऊन पडलं.

मामांनी अण्णांना तिथंच बसवून घेतलं. मामींनी पिठलं-भाकरी आणली. मागचं काही निघालं नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "पत्रा किती फुटी आहे तुमचा?" आणि मामांनी इतकं सविस्तर सांगितलं की भाकरी निवली.

दुसऱ्या दिवशी मी नवा एल्बो घेऊन गेलो आणि काम नीट करून दिलं. घड्याळ लावून बघितलं. पंचवीस मिनिटं लागली.

त्या वर्षी परत पाऊस झाला नाही. आडात कमरेएवढं पाणी आलं होतं, ते दसऱ्यापर्यंत पुरलं. काकू हातानं एक-एक तांब्या मोजून काढायच्या. दिवाळीला मुलगा आला, त्यानं आडात वाकून बघितलं आणि बॅगा बाहेर काढल्या. त्याला मी दोष देत नाही. त्या ऑगस्टमधल्या पावसाचं सगळं पाणी मिळालं असतं तर आड उन्हाळ्यापर्यंत टिकला असता का, हे मी मनाशी शंभर वेळा मोजून पाहिलं आहे. टिकला असता असंच दर वेळी उत्तर येतं. माझं उत्तर चुकीचं असेल तर मला बरंच वाटेल, पण तसं सांगणारं कुणी भेटलेलं नाही. निघताना अण्णांनी घराची किल्ली गायके मामांकडे दिली. पावती मागितली नाही. मामा रिक्षाच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

पुढच्या पावसाळ्यात देव पावला. मृगापासूनच सुरुवात झाली आणि श्रावणात तर तीन दिवस उघडीप नाही. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला, ये म्हणून. गेलो. जोशींच्या बंद घराच्या अंगणात मामा आडाच्या कट्ट्यावर बसले होते. आत दोरी सोडून गाठ मारून ठेवलेली. पाणी इतकं वर आलं होतं की वाकून हात घातला तर बोटं भिजली असती.

"अण्णांना फोन लाव," मामा म्हणाले. "मला ते नंबर दाबायचं जमत नाय."

मी लावला आणि त्यांच्या कानाला धरला. मामा ओरडूनच बोलले, पुण्यापर्यंत आवाज तसाच जाईल अशा बेतानं. "अण्णा, भरला बरं का! भरला तुमचा आड! दोरी घालून बघितलं, अठरा हात पाणी हाय!"

  पलीकडून अण्णांचा आवाज आला. हळू बोलत होते, पण मलाही ऐकू आलं.

"आम्हाला आता येणं होणार नाही, गायके. हिला एवढा प्रवास झेपत नाही. पण आड नुसता भरून ठेवू नका. रोज उपसा. उपसा नसला की पाणी खराब होतं."

मामांनी फोन माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि बादली आत सोडली. एक काढली, लिंबाला घातली. दुसरी काढली, फाटकापाशी ठेवली आणि समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ओ ताई, पाणी घेऊन जा! जोशी काकूंच्या आडाचं हाय!"